लेट, म्हणजे अडवणे

९ जानेवारी

भिंगरी,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. तेवीस वर्षांत तू मला एक ओळ पाठवलेली नाहीस, त्यामुळे तेवढं आज राहू दे.

पाकिटावर तुझ्या कंपनीचा पत्ता घातलाय. जहाज ज्या बंदरात असेल तिथे ते पत्रं पोहोचवतात म्हणे. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू “ताई, आवाज येत नाही” म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र ठेवून देता येत नाही, फाडावं लागतं, आणि तू किती आळशी आहेस हे मला चांगलं माहीत आहे.

काम एका शब्दाचं आहे. हसू नकोस. मी अजून त्याच शब्दकोशाच्या कचेरीत आहे, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी खणांची कपाटं, खणांत पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द, आणि त्याचा आपल्या भाषेतला अर्थ शोधत बसलेले आम्ही चौघं. ‘ए’ला सुरुवात केली तेव्हा माझे केस काळे होते. सतरा वर्षांनी आता ‘एल’ चाललाय. आमच्या मुख्य संपादकांचं नाव मी मनातल्या मनात स्वल्पविराम ठेवलंय, कारण ते बोलता बोलता थांबतात आणि पुढे काही येतच नाही. परवा त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. “लेट. जुना अर्थ. तुमचे वडील कोर्टात होते, म्हणून म्हटलं...” आणि गेले.

लेट म्हणजे देणे. जाऊ देणे, करू देणे. शाळेत तूही पाठ केलंयस. मलाही परवापर्यंत तेवढंच माहीत होतं. पण इंग्रजीत हे मुळात दोन शब्द होते, दोन वेगळ्या घरांतले. एकाचा अर्थ सोडणे, जाऊ देणे. दुसऱ्याचा अर्थ अडवणे, खोळंबा करणे. हजार वर्षांपूर्वी त्यांचे उच्चार वेगळे होते, लिहायचेही वेगळे. मग लोकांच्या तोंडात घासून घासून दोघे अगदी सारखे दिसायला लागले. एक म्हणतो जा, दुसरा म्हणतो थांब, आणि चेहरा तोच! असं किती दिवस चालणार? शेवटी अडवणारा मागे पडला. तो आता जुन्या कोर्टाच्या कागदांत सापडतो, आणि टेनिसमध्ये. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की पंच ‘लेट’ ओरडतो ना, तो हाच. चेंडूला अडथळा झाला, पुन्हा मारा. आणि गाडी लेट आहे म्हणतो तो उशिराचा लेटही या अडवणाऱ्याचाच सख्खा नातेवाईक निघाला. अडवलं की उशीर होणारच, सरळ आहे.

तर ही चिठ्ठी वाचून मी खुर्चीत बसले होते ती बसूनच राहिले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, बरं नाही का वाटत?

कारण मला बाबांचं पत्र आठवलं. नाविक शाळेच्या प्रिन्सिपॉलना लिहिलेलं. मुलाला बोटीवर पाठवायला पालकांची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि बाबांनी आपल्या त्या दस्तऐवजी इंग्रजीत तीन परिच्छेद लिहून खाली शेवटचं वाक्य घातलं होतं: आय शॅल नॉट लेट हिम.

कळलं का? मी त्याला अडवणार नाही.

नळ दुरुस्त करणाऱ्याला चिठ्ठी लिहितानासुद्धा ‘द सेड टॅप’ लिहिणारा माणूस तो. सगळा जन्म कोर्टात दस्त लिहिण्यात गेला, इंग्रजी शिकले तेच दीडशे वर्षांपूर्वीच्या खरेदीखतांवरून. जिवंत माणसाशी त्या भाषेत कधी बोलले असतील तर शपथ! साधं ‘माझी हरकत नाही’ लिहायला काय झालं होतं? पण नाही. आणि तूही तसलाच. ते पत्र वाचलंस, डोक्यात राख घातलीस, आणि बाबांना एका शब्दाने न विचारता घर सोडून निघून गेलास. शाळेतही गेला नाहीस. जी मालवाहू बोट आधी मिळाली तिच्यावर डेक पुसायला चढलास. कप्तान झाला असतास आज.

बाबांनी तुला अडवलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. आता काय करायचं ते कर.

ताई


४ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र पोहोचलंय. मी कंपनीत फोन करून विचारलं. तिथली बाई म्हणाली, “हो, बोसननी सही करून घेतलंय.” बोसन म्हणजे डेकवरच्या सगळ्या माणसांचा मुकादम, हेही तिनेच समजावून सांगितलं. माझा भाऊ काय करतो हे मला परक्या बाईकडून कळतं. छान.

चार आठवडे झाले. एक कार्ड तरी! आईला पाठवायचास तसं. ‘मी बरा आहे, तुम्ही बरे असाल.’ एवढंसुद्धा नाही.

इकडे त्या शब्दाने माझं डोकं खाल्लंय. स्वल्पविराम म्हणतात, अडवणे हा अर्थ द्यायचा तर वापराचा पुरावा हवा. मी कोर्टाच्या जुन्या दस्तांची उदाहरणं काढली. घर विकणारा लिहून देतो की घेणाऱ्याने त्यात सुखाने राहावं, कुठल्याही लेट, दावा, त्रास, नकाराशिवाय. स्वल्पविरामांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, घातला. “पण अलीकडे कोणी हयात माणसाने हा शब्द...” आणि थांबले.

हयात माणूस माझ्या घरात बसून पेपर वाचत होता. त्या दिवशी चहा देताना मी सहज विचारल्यासारखं केलं. “बाबा, लेट म्हणजे काय हो?”

पेपरच्या मागून आवाज आला, “कुठला? बाजारातला की कोर्टातला?”

“कोर्टातला.”

“अडवणे.”

“पण लोक जाऊ देणे असंच समजतात ना?”

पेपर खाली आला. “कोण लोक? नाविक, वकील, मुलकी खात्यातले लोक, सगळ्यांना माहीत असतं. अगदी नेहमीचा शब्द आहे.”

नेहमीचा! कप भिंतीवर आपटावासा वाटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, अजून रोज दाढी करतात, अजून सगळं बरोबर त्यांचंच असतं. मी का विचारलं हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांच्या फायलीतून त्या पत्राची कार्बन प्रत काढलीय. लिहिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवणारा माणूस, सापडायला पाच मिनिटं लागली नाहीत. वाक्य मला आठवत होतं तसंच आहे. खाली लफ्फेदार सही.

आणि एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं की ते पत्र तू वाचलंस. ते खरं नाही. तू ते वाचलं नव्हतंस. हे तुला माहीत आहे आणि मलाही. कोशात चूक छापली गेली तर आम्ही शेवटी शुद्धिपत्र जोडतो, तसं समज.

याबद्दल पुढच्या पत्रात. आत्ता शाई संपलीय.

ताई


५ फेब्रुवारी

शाई संपली नव्हती.

पाकीट तू केटलीच्या वाफेवर उघडलंस. बाबा ते टपालात टाकायला तुझ्याकडे देऊन कोर्टात जायला आवरत होते. तू स्वयंपाकघरात आलास, कागद माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, “ताई, पटकन. काय लिहिलंय?” तुला त्या इंग्रजीतलं काही कळत नव्हतं. मी कॉलेजात इंग्रजीत पहिली आलेली. मी वरचे तीन परिच्छेद नुसते चाळले, शेवटचं वाक्य वाचलं आणि तुला सांगितलं, “लिहिलंय, मी त्याला जाऊ देणार नाही.”

“नक्की?”

“इंग्रजी मला येतं की तुला?”

माझे शब्द तेच होते. तेवीस वर्षं ते माझ्या कानात आहेत, त्यामुळे त्यात चूक होणार नाही.

बाबांची खोली तिथून दहा पावलांवर होती. ते आत बूट घालत होते, टाचा आपटल्याचा आवाज येत होता. वरचे तीन परिच्छेद तुझ्या कौतुकाचे आहेत, भिंगरी. मी आता नीट वाचले. मुलगा काटक आहे, उंचावर डगमगत नाही, पाण्याला घाबरत नाही, एका जागी बसत नाही हा दोष समुद्रावर गुण ठरावा. असं लिहून कोणी खाली नकार देतो का? कोणीही विचारलं असतं, हे वाक्य असं कसं? दहा पावलं जाऊन. मी नाही गेले.

का नाही गेले ते सांगते, आणि मग पुन्हा कधी याबद्दल बोलणार नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मला दूरच्या विद्यापीठात जागा मिळाली होती, भाषाशास्त्राला. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही बघू. मग मी विचारणं सोडलं. तू त्या दिवशी कागद घेऊन आलास, मी ते वाक्य वाचलं, आणि पहिली गोष्ट मनात कुठली आली असेल तर, बरं झालं. याचंही अडलं. क्षणभरच, पण आली. त्या क्षणात मी तोंड उघडून तुला सांगून टाकलं होतं.

तू कागदाचे चार तुकडे केलेस, चुलीत टाकलेस, दुपारच्या बसने गेलास.

आणि अजून एक आहे. मी पहिल्या पत्रात लिहिलं की मला हे परवा कळलं. शब्द परवा कळला. काहीतरी चुकलंय हे त्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा त्यांच्यामागे हमाल होता आणि हमालाच्या डोक्यावर नवी पत्र्याची ट्रंक. एका बाजूवर तुझं नाव, पांढऱ्या रंगात, अजून ओला होता रंग. आईने सांगितलं की तू गेलास. बाबा म्हणाले, “गेला? न सांगता?” आणि ट्रंकेचं नाव खराब होऊ नये म्हणून ती भिंतीपासून जरा लांब ठेवली.

मी तिथेच उभी होते. मी स्वतःला सांगितलं, दिवसभरात त्यांचं मत बदललं असणार. तेच सांगत राहिले. तुझा पत्ता आईला मिळायला दोन वर्षं लागली, तोवर मला ते खरंही वाटायला लागलं होतं.

ट्रंक अजून आहे. कार्बन प्रती त्यातच असतात.

ताई


३० मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आलं. तेवीस वर्षांनी, अकरा ओळी. पुन्हा पुन्हा वाचून मला पाठ झालंय, आणि तू काय लिहिलंस हे तुलाही एकदा कळावं म्हणून खाली उतरवते.

‘ताई, हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. आमच्या एका म्हाताऱ्या कप्तानाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले होते. त्यात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, या माणसाला लेट किंवा अडथळ्याशिवाय जाऊ द्यावं. मी त्यांना विचारलं, हे उलटंसुलटं काय आहे? ते म्हणाले, जुना शब्द आहे, अडवणे. मी डेकवर गेलो. मग वाटलं, इंग्रजीत तू पहिली यायचीस. तुला माहीत नसेल असं होणार नाही. तू मुद्दाम तसं सांगितलंस असं मी धरून चाललो. घरी येऊन बाबांना काय सांगणार होतो? तुझं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. म्हणून आलो नाही. तुझी तिन्ही पत्रं वाचली. मी बरा आहे.’

अकरा वर्षं!

अकरा वर्षांपूर्वी आई होती. आई नऊ वर्षांपूर्वी गेली. म्हणजे दोन वर्षं, भिंगरी, दोन अख्खी वर्षं तुला माहीत होतं की बाबांनी तुला अडवलं नव्हतं, आणि आई दर महिन्याला तुला लिहीत होती, एकदा येऊन जा. मी तिच्या पत्रांवर तिकिटं लावायचे. आणि तू तिला लिहायचास, हवा चांगली आहे. ती गेल्याचं तुला सतरा दिवसांनी कळलं, मधे समुद्र होता, ते मी समजू शकते. पण त्याआधीची दोन वर्षं कुठे होतास? कुठल्या कप्तानाने कोंडून ठेवलं होतं तुला?

माझं नाव घ्यावं लागू नये म्हणून! अरे, घ्यायचंस की! येऊन दारातच ओरडायचंस, ताईने मला फसवलं. मी म्हटलं असतं, फसवलं नाही रे, मला येत नव्हतं. पाच मिनिटांचं भांडण होतं. आईने दोघांना गप्प केलं असतं आणि जेवायला वाढलं असतं. एवढ्यासाठी तू मला पाठीशी घातलंस? तुला कोणी सांगितलं होतं?

हे लिहून मी उठले, खिडकीशी जाऊन आले.

मुद्दाम नाही केलं. हे तुला पटलं नाही तरी लिहून ठेवते. शब्द मला खरंच माहीत नव्हता. पण मुद्दाम विचारलं नाही, हेही खरं. आणि तू मुद्दाम आला नाहीस. आणि बाबांनी मुद्दाम कधी तुझं नाव काढलं नाही. आपल्या घरात न केलेल्या गोष्टीच जास्त झाल्या.

मी आता बाबांना सांगणार आहे. तुझ्या परवानगीची वाट बघत नाही. परवानग्यांचा मला वीट आलाय.

ताई


२ एप्रिल

भिंगरी,

सांगितलं. रविवारी सकाळी, दाढी झाल्यावर. कार्बन प्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं: वाफ, स्वयंपाकघर, मी काय म्हणाले, तुकडे, चूल. तुझं पत्रही वाचून दाखवलं. मधे एकदाही त्यांनी थांबवलं नाही. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी चष्मा लावला, कार्बन प्रत उचलली, शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

“फ्रॉम गोइंग,” ते म्हणाले.

“काय?”

“पुढे फ्रॉम गोइंग लिहायला हवं होतं. नुसतं लेट हिम म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात. दस्तात असं वाक्य सोडलं असतं तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता.” मग प्रत खाली ठेवली. “मसुदा सदोष आहे. चूक माझी.”

“बाबा, मी तुमच्याकडे यायला हवं होतं. दहा पावलं.”

“हो,” ते म्हणाले. “यायला हवं होतंस.” एवढंच. त्या ‘हो’ने मला जे झालं ते तुला सांगता येणार नाही.

मग ते ट्रंकेकडे वळले. म्हणाले, “मला काय वाटलं सांगू? मी हो म्हटलं, शाळेला पत्र दिलं, आणि तो शाळेत गेलाच नाही. भलत्याच बोटीवर चढला. मला वाटलं, माझं हो त्याला नको होतं. माझ्या हातून काहीच घ्यायचं नव्हतं त्याला. मग कशाला नाव काढायचं.”

“तुम्ही त्याला लिहायचं तरी होतं!”

“तू सांगायचं होतंस,” ते म्हणाले. पण रागाने नाही. दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं.

दुपारी बघते तर टेबलावर कोरा कागद, टाक धुऊन ठेवलेला, आणि इंग्रजीत सुरुवात केलेली. ‘व्हेअरॅज...’ मी कागद ओढून घेतला. “बाबा, हात जोडते! आपल्या भाषेत लिहा.”

“आपल्या भाषेत असलं काही मला लिहिता येत नाही,” ते म्हणाले. खरंच घाबरल्यासारखे दिसत होते.

“येईल. नळवाल्याला शिव्या देताना येते ना?”

संध्याकाळपर्यंत सात कागद टोपलीत गेले. आठवा मला दिला, पाकिटात घालून चिकटवायला. वाफेवर धरू नकोस म्हणाले, नीट वाच. आणि मला उघडाच दिला. दोन ओळी आहेत, सोबत जोडल्यात. ‘तुला कोणी अडवलेलं नाही. तेव्हाही नव्हतं.’ खाली सही, तीच लफ्फेदार. तारीख घालायला विसरले. जन्मात पहिल्यांदा.

तुझं जहाज मे महिन्यात आपल्या जवळच्या बंदरात लागतंय. कंपनीतल्या बाईला विचारलं. आता ती मला माझ्या भावापेक्षा जास्त ओळखते.

यायचं की नाही ते तू ठरव. मी अर्थ सांगणार नाही, भाषांतर करणार नाही, मधे पडणार नाही.

ताई


२७ मे

प्रिय भिंगरी,

तू काल सकाळी गेलास आणि घर एकदम मोठं झालं. नऊ दिवसांत तुम्ही दोघं मिळून माझ्या डोक्याला जो ताप दिलात त्याला तोड नाही. दारातल्या कडीला तेल कुठून घालायचं यावर दीड तास! पहिल्या दिवशी दोघे समोरासमोर बसून पेपर वाटून घेऊन वाचत होतात, एक शब्द बोलत नव्हतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी ते तुला म्हणाले, “तुझी पाठ वाकलीय.” तू म्हणालास, “तुमचीही.” मला वाटलं झालं, सुटलं. तिसऱ्या दिवशी कडी.

तुझे केस पांढरे झालेत हे तू पत्रात लिहायला हवं होतंस. दार उघडल्यावर मी तुला मीटर तपासणारा समजले. तू हसलास, तेव्हा ओळखलं. आईच्या फोटोसमोर तू काय बोललास ते मी ऐकलं नाही. ऐकू नये म्हणूनच नळ सोडला होता. मला तू काय म्हणालास ते आपल्या दोघांतच राहू दे.

कोशाचं सांगायचं राहिलं. स्वल्पविरामांनी बाबांचं वाक्य घेतलं नाही. खासगी पत्र पुरावा म्हणून चालत नाही, आणि मसुदा संदिग्ध आहे म्हणाले. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं.” अर्थ मात्र कोशात गेला. लेट, दोन, क्रियापद, जुना: अडवणे. माझ्या अक्षरात. आजपासून ‘एम’.

आता काल काय झालं ते. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता. तू बाबांना वाकून नमस्कार केलास, पिशवी खांद्यावर टाकलीस आणि जिन्यावरून मागे बघत म्हणालास, “येतो, बाबा.” आणि खाली उतरलास. दार मीच लावलं. वळून बघते तर बाबा तिथेच उभे.

“कधी?” ते म्हणाले.

“काय कधी?”

“येतो म्हणाला ना. कधी येतो?”

मी म्हटलं, “अहो बाबा, ती बोलायची रीत आहे. जाताना जातो म्हणत नाहीत, म्हणून येतो म्हणतात. येतो म्हणजे जातो.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कोणी अडाणी आहे. “ते मला माहीत आहे,” म्हणाले. “मी विचारतोय, कधी?”

रात्रीच्या जेवणाला पुन्हा विचारलं. आज पेपर वाचता वाचता पुन्हा. मी म्हटलं, लिहून विचारते, आता मला जरा बसू द्या. तेव्हा कॅलेंडर आणून माझ्यापुढे टाकलं, पेन्सिलसकट, आणि शेजारी खुर्ची ओढून बसलेत. मी हे लिहितेय आणि ते बघतायत.

तर कृपा करून कळव. अंकात लिही, दिवस आणि महिना. शब्दांत नको.

ताई